शरदातला महिना: पुस्तकं, पडदा, गच्ची आणि उघड्या खिडक्या

पिंपळपान | १६ ऑक्टोबर २०२०, सकाळी ९.१०

काल वाचन प्रेरणा दिन होता आणि कालपासूनच राज्यातली ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली. आज अधिक आश्विन संपतोय, उद्या घट बसतील. दसरा २५ ला, कोजागरी ३० ला, मग १२ ते १६ नोव्हेंबर दिवाळी. वर्षातला हा सगळ्यात येण्याजाण्याचा महिना यंदा घर, जिना आणि गच्ची एवढ्यातच बसवायचा आहे.

मार्चपासून करोनाच्या भीतीने आपण वस्तूंच्या मागे लागलो. दुधाच्या पिशव्या धुतल्या, वर्तमानपत्र बंद केलं, पुस्तकांची देवघेव थांबवली. वस्तूंना हात लावून लागण होणं ही मुख्य वाट नाही, असं अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था मे महिन्यापासून सांगतेय. आता ५ ऑक्टोबरला तिने हेही लिहिलं, की बंद, हवा न खेळणाऱ्या खोलीत हा विषाणू सहा फुटांपलीकडेही हवेतून जाऊ शकतो. म्हणजे काळजीचा क्रम बदलायला हवा: आधी हवा, मग हात, शेवटी वस्तू. हा क्रम धरला तर पुस्तकं आणि अंक फिरू शकतात. थांबवायच्या त्या दारात मास्क खाली ओढून होणाऱ्या गप्पा.

वाचन, बघणं, सणाचं घर, ज्याला जे नीट माहीत आहे ते मापासकट लिहा. काय बिघडतं आणि का, हेही लिहा. रुग्णसंख्येच्या बातम्या इथे नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत.


ग्रंथसेवक | १६ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

ग्रंथालयापासून सुरुवात करतो. मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडला होता. आपल्या ग्रंथालयांतल्या बहुतेक पुस्तकांना प्लास्टिकचं कव्हर असतं, म्हणून हिशोब ७२ तासांचाच धरावा. परत आलेलं पुस्तक तीन पूर्ण दिवस बाजूला राहू द्या. सोमवारी आलेलं शुक्रवारी बाहेर काढा, म्हणजे तास मोजत बसायला नको.

चूक होते ती रचण्यात. परत आलेल्या पुस्तकांची चवड लावली की मधल्या पुस्तकांना हवाच लागत नाही. अमेरिकेतल्या ग्रंथालयांसाठी झालेल्या चाचण्यांत एकावर एक रचलेल्या पुस्तकांवर विषाणूचे अंश सुट्या पुस्तकांपेक्षा जास्त दिवस सापडले. म्हणून पुस्तकं टेबलावर उभी ठेवा, मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ थोडं फाकवून, दोन पुस्तकांत बोटभर अंतर सोडून. जागा नसेल तर भाजीच्या जाळीच्या क्रेटमध्ये उभी लावा आणि क्रेटवर तारखेची चिठ्ठी अडकवा. चार क्रेट असले की रोज एक भरायचा आणि पाचव्या दिवशी पहिला रिकामा करायचा.

हात जोडून सांगतो, पुस्तकावर सॅनिटायझर फवारू नका. अल्कोहोलने मुखपृष्ठावरचं लॅमिनेशन सुटतं, कापडी बांधणीचा रंग ओघळतो, शाईचा शिक्का पसरतो. हायपोक्लोराइटने, म्हणजे ब्लीचने, कागद आधी पांढरा पडतो, मग पिवळा होऊन तुटायला लागतो. उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली पुस्तक ठेवलं तर किरण फक्त वरच्या पानावर पडतात. आतल्या तीनशे पानांपर्यंत काही पोचत नाही, आणि नुकसान मात्र कायमचं राहतं. इस्त्री फिरवायचे सल्लेही व्हॉट्सॲपवर आले आहेत. बांधणीतला डिंक वितळतो, बाकी काही साधत नाही.

वाचकाने करायचं एवढंच: पुस्तक घेण्याआधी आणि वाचून झाल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय सोडायची. ती जात नसेल तर टेबलावर ओल्या स्पंजची वाटी ठेवा, बँकेत नोटा मोजायला असते तशी.

ग्रंथालयात खरी काळजी काउंटरची. तो खिडकीजवळ हलवा. वाचकाने यादी फोनवर द्यावी, पुस्तकं काढून ठेवलेली असावीत, म्हणजे कपाटांच्या अरुंद गल्लीत दोघंतिघं एका वेळी उभे राहणार नाहीत.


शाईचा_डाग | १६ ऑक्टोबर, रात्री ९.०५

ग्रंथसेवक, सात महिने बंद राहिलेल्या कपाटांचं काय? कोकणात तर एका पावसातच पांढरी बुरशी चढते. घरच्या पुस्तकांवरही कसर दिसतेय.


पुठ्ठा_आणि_दोरा | १७ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

बुरशीचं मी लिहितो, बांधणीचं काम करणाऱ्यांना तिच्याशी दर शरदात गाठ घालावी लागते. ऑक्टोबरचा उन्हाळा यासाठी उत्तम. हवा कोरडी झालेली असते आणि मेसारखा कागद भाजत नाही.

आधी बुरशी ओली आहे की सुकी ते बघा. बोटावर चिकटत असेल, वास कोंदट असेल तर ती जिवंत आहे. तिला लगेच पुसू नका, पुसली की ती कागदाच्या धाग्यांत शिरते. आधी पुस्तक सुकवा. सावलीत, वाऱ्याच्या जागी, उभं आणि पंख्यासारखं फाकवून दोन-तीन दिवस ठेवा. टेबल फॅन लावायचा तर झोत पुस्तकावर नको, भिंतीवर असू द्या. पानं खूप दमट असतील तर दर वीस पानांमागे कोरा पांढरा कागद घाला आणि दर चार-पाच तासांनी बदला. वर्तमानपत्राचा कागद घालू नका, त्याची शाई दमट पानावर उतरते. आणि सगळी पुस्तकं एकदम कागद घालून फुगवू नका, शिवण ताणते.

बुरशी सुकून पावडरीसारखी झाली की गच्चीत किंवा गॅलरीत, घराबाहेरच, मऊ रुंद ब्रशने ती शिवणीकडून बाहेरच्या कडेला झटकायची. मास्क लावायचाच, आणि वारा पाठीमागून येईल असं उभं राहायचं. ब्रश नंतर गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. डाग राहिला तर राहू द्या. लिंबू, व्हिनेगर लावून तो काढायच्या नादात कागद जातो.

दिवाळी अंकांचं दुखणं वेगळं. त्यांत जाहिरातींची आर्ट पेपरची पानं असतात, त्या कागदावर चिनी मातीचा थर असतो. ओल लागून दोन पानं चिकटली आणि तशीच वाळली की ती सुटत नाहीत, ओढली तर अक्षरासकट थर निघतो. म्हणून असा अंक ओला असतानाच पानं अलगद सुटी करा, सुकायची वाट बघू नका. साध्या कागदाच्या पुस्तकाच्या बरोबर उलट.

कसरीसाठी डांबरगोळ्या नकोत. त्यांचा वास कागदात महिनोन्महिने राहतो आणि तो श्वासात जाणं चांगलं नाही. पुस्तक आधी पूर्ण कोरडं करा, झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. नाहीतर गार पुस्तकावर दव धरतं आणि बुरशीला पुन्हा आवतण मिळतं. वेखंड, कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर खडखडीत वाळलेला, मलमलच्या पुरचुंडीत. हिरवा पाला म्हणजे कपाटात ओल.

पुस्तकं परत लावताना कपाटाच्या पाठीपासून दोन बोटं पुढे लावा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट असेल तर तेही भिंतीपासून तीन-चार इंच ओढा. पुस्तकांनाही हवा लागतेच.


दुर्बीणवाला | १९ ऑक्टोबर, रात्री ११.३०

हवा आधी म्हणायचं तर या महिन्यात बघण्याची सगळ्यात चांगली जागा गच्ची आहे, आणि यंदाचा शरद त्यासाठी फार मोलाचा आहे.

मंगळ ६ ऑक्टोबरला पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता, सुमारे ६ कोटी २० लाख किलोमीटर. १४ तारखेच्या पहाटे तो सूर्याच्या बरोबर समोर आला. इतका जवळ तो पुन्हा २०३५ पर्यंत येणार नाही. सध्या मीन राशीत आहे, अंधार पडला की पूर्वेला तांबूस, न लुकलुकणारा ठिपका दिसतो, आणि सध्या गुरूपेक्षाही तेजस्वी आहे. ओळखायला नकाशा लागत नाही. महिनाअखेरीस अकराच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर असतो. साध्या दुर्बिणीतून त्याची चकती दिसत नाही, फक्त रंग जास्त खुलतो. पृष्ठभागावरचे डाग बघायला मोठी दुर्बीण आणि स्थिर हवा लागते, तेव्हा मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर हिरमोड होतो.

मुलांना रमवायला गुरू चांगला. अंधार पडताच दक्षिण-नैर्ऋत्येकडे दोन ग्रह शेजारी दिसतात. ठळक तो गुरू, त्याच्या पूर्वेला फिका पिवळसर तो शनी. हात लांब करून मधली तीन बोटं जोडून धरली की साधारण ५ अंश होतात, महिनाअखेरीस दोघांमधलं अंतर तेवढंच असेल. १० x ५० च्या (दहापट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगांच्या) द्विनेत्रीतून गुरूचे चार चंद्र दिसतात, पण हात हलता कामा नये. दहापट मोठं दिसतं तसा थरकापही दहापट होतो. दोन्ही कोपरं कठड्यावर टेकवा, नाहीतर खुर्चीच्या पाठीवर उशी ठेवून तिच्यावर टेका. ७ x ५० असेल तर हातातही चालते. रोज त्याच वेळी चार ठिपक्यांच्या जागा वहीत मांडल्या तर आठवड्याभरात ते फिरताना कळतात.

मास्क लावून बघताना भिंगावर धुकं धरतं, कारण श्वास वरून निसटतो. मास्कची नाकावरची तार घट्ट दाबा किंवा वरच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावा. एकाच द्विनेत्रीतून अनेकांनी बघायचं तर नेत्रिकेचं (डोळ्याला लावायच्या बाजूचं) रबर प्रत्येकानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. भिंगाला मात्र स्पिरिट लावू नका, थर खराब होतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे एका घरात एक द्विनेत्री, आणि दोन घरांमध्ये सहा फूट.

कोजागरीला, ३० तारखेला, चंद्राच्या पश्चिमेला साधारण एका मुठीच्या अंतरावर मंगळ असेल. हात लांब करून मूठ धरली की १० अंश होतात.


मीठमोहरी | २२ ऑक्टोबर, दुपारी ४.१५

दुर्बीणवाला दादा, मग कोजागरीच्या दुधाचं मी लिहिते. यंदा पातेलंभर करून पेले फिरवायचे नाहीत. प्रत्येक घराने आपलं दूध थर्मासमध्ये आपल्या पेल्यांसह आणावं. मास्क काढून प्यायचं आहे, म्हणून ती दहा मिनिटं आपापल्या सतरंजीवर.

चार माणसांना एक लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध. जाड बुडाच्या पातेल्यात आधी दोन चमचे पाणी घाला, मग दूध, म्हणजे तळाला कमी धरतं. उकळी आली की मंद आच, मधूनमधून ढवळत पाऊण लिटरपर्यंत आटवा, साधारण २५ मिनिटं लागतात. साखर ६० ते ७० ग्रॅम, आटवून झाल्यावरच. आधी घातली तर दूध लवकर करपतं. मसाल्याला १५ बदाम, १५ पिस्ते, ६ वेलदोडे, चिमूटभर जायफळ. सुका मेवा मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा, सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. १०-१२ केशरकाड्या कोमट दुधात आधी भिजवा. चारोळी चमचाभर, वास घेऊनच घ्या, जुनी असली की खवट लागते आणि सगळं दूध जातं.

मसाला गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी घाला, लवकर घातला तर पूड तळाशी बसून लागते. आणि थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून दहा मिनिटं ठेवा. झाकणाच्या रबरात जुन्या चहाचा किंवा ताकाचा आंबूसपणा राहिला असेल तर गच्चीवर पोचेपर्यंत दूध फाटतं. रबर काढून धुवा.


वाचिक | २४ ऑक्टोबर, सकाळी १०.००

गच्चीवर सगळ्यांना येता येणार नाही, वयस्कर मंडळींना तर नाहीच. त्यांच्यासाठी ऑनलाइन अभिवाचनाबद्दल.

फुकटच्या झूमवर तीन किंवा जास्त जण असले की ४० मिनिटांची मर्यादा आहे. माणसं जमायला पाच मिनिटं जातात, तेव्हा मजकूर ३० मिनिटांचा धरा. मराठी स्वच्छ, सावकाश वाचलं तर मिनिटाला ११०च्या आसपास शब्द होतात, म्हणजे ३,३०० शब्द. मोठी कथा असेल तर दोन संध्याकाळी करा. पळवून वाचलेली कथा कुणाच्याच पदरात पडत नाही.

ऑनलाइन आवाज अर्धा सेकंद मागेपुढे होतो. त्यामुळे नाटकातले चटचट संवाद दोन घरांत वाटले की एकमेकांवर चढतात आणि झूम त्यातला एक आवाज दाबून टाकतो. भराभर बोलणारी दोन पात्रं एकाच घरातल्या दोघांना द्या. वेगळ्या घरांतल्यांनी समोरच्याचं वाक्य संपल्यावर मनात 'एक' म्हणून मग सुरुवात करावी.

माइक फोनचाच पुरतो, पण इअरफोनचा असेल तर तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला. समोर धरला की 'प', 'फ', 'भ' फुटतात. पंखा बंद करून या उकाड्यात वाचणं अवघड आहे, म्हणून टेबल फॅन पायांकडे वळवा. झूम मागचा आवाज स्वतःहून गाळतो, त्यात तंबोरा आणि पेटीही गाळली जाते. संगीत वाजवायचं असेल तर 'ओरिजिनल साउंड' चालू करा. मजकूर सुट्या कागदांवर, एका बाजूला, १६च्या अक्षरात छापा. पुस्तकातून वाचलं की पान उलटताना मान वळते आणि वाक्याचा शेवट हरवतो.

एक विनंती. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. यंदाच्या, म्हणजे २०२०च्या, हिशोबाने १९५९ किंवा त्याआधी गेलेल्या लेखकांचं लेखन मोकळं आहे. बाकीच्यांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी मागा. एक ईमेल लिहायला दहा मिनिटं लागतात.


टेम्सकाठ | २४ ऑक्टोबर, रात्री ११.५०

वाचिक, वेळ ठरवताना हे लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये उद्या २५ तारखेला पहाटे घड्याळं एक तास मागे जातात, अमेरिकेत १ नोव्हेंबरला. भारतातले संध्याकाळचे साडेसात म्हणजे आज लंडनचे दुपारचे ३, उद्यापासून २. न्यूयॉर्कचे सकाळचे १०, पण १ तारखेपासून ९. कॅलिफोर्नियात ७ चे ६ होतात. मधल्या आठवड्यात लंडन हललेलं आणि अमेरिका न हललेली, नेमकी तेव्हाच गडबड होते. निमंत्रणात फक्त भारतीय वेळ लिहा आणि नोव्हेंबरसाठी रात्री साडेआठ धरा, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचे लोक सातला येऊ शकतील.


पिंपळपान | २६ ऑक्टोबर, सकाळी ७.४५

आता दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही रीत. जाहिराती आटल्यामुळे यंदा ती टिकवण्याचा भार वाचकांवर जास्त आहे. इमारतीत अंक फिरवायचे तर हा हिशोब बघा.

८ घरं, १६ अंक. घरांच्या दुप्पट अंक घ्यायचे, कारण कोणत्याही वेळी ८ अंक घरांत आणि ८ विश्रांतीच्या पेटीत. दर चार दिवसांनी फेर: घरातला अंक पेटीत, पेटीतला पुढच्या घरी. म्हणजे प्रत्येक अंक दोन घरांमध्ये चार दिवस नुसता पडून राहतो. १६ टप्पे, ६४ दिवस. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला सुरू केलं तर १८ जानेवारीला प्रत्येक घराचे सगळे १६ अंक वाचून होतात. अंकाची किंमत सरासरी २५० धरली तर ४,००० रुपये, घरामागे ५००.


शाईचा_डाग | २६ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

हिशोब सुंदर आहे, पण चार दिवसांत २५० पानांचा अंक घरातल्या तिघांनी वाचायचा कसा? रोज साठ पानं एकट्याचीच होतील. शिवाय पेटी कुणाच्या ताब्यात, तिच्याभोवती घोळका होणार त्याचं काय?


ग्रंथसेवक | २६ ऑक्टोबर, दुपारी १.१०

शाईचा_डाग यांचं बरोबर आहे. पेटीच काढून टाका. ८ घरं, ८ अंक, आठवड्याचा फेर. रविवारी अंक येतो, बुधवार रात्रीपर्यंत वाचायचा, मग पिशवीत घालून स्वतःच्याच दाराशी खुंटीला टांगायचा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार विश्रांती. रविवारी सकाळी पुढच्या घराने येऊन न्यायचा, बेल वाजवायची नाही. ५६ दिवसांत फेरी पूर्ण, खर्च निम्मा. वाचायला दिवस तेवढेच राहतात हे खरं, पण ज्या घरांना घाई होते त्यांनी विश्रांतीचे दिवस वाचनात घालावेत आणि पुढच्या घराने ते तीन दिवस आपल्याकडे पाळावेत. कुणीतरी एकाने पाळले की झालं. पिशवीवर 'वाचून संपला: बुधवार' अशी चिठ्ठी मात्र हवीच.

पिशवी कापडी असू द्या. जिन्यात दमटपणा असतो, प्लास्टिकमध्ये आर्ट पेपर घाम धरतो.


पिंपळपान | २६ ऑक्टोबर, दुपारी ३.००

मान्य. पेटीपेक्षा खुंटी चांगली, जिन्यात कुणाला थांबायलाच नको.


पडदा_आणि_पिक्सेल | २९ ऑक्टोबर, रात्री ८.३०

ज्यांना छापील अंक मिळणार नाही त्यांच्यासाठी. पीडीएफ अंक सहा इंची वाचनयंत्रावर घेऊ नका. छापील पान त्याच्याहून बरंच रुंद असतं, अक्षर मुंगीएवढं होतं, आणि पीडीएफमधला मजकूर पडद्याप्रमाणे स्वतःला नव्याने मांडत नाही. दहा इंची टॅब चांगला. फोनच असेल तर आडवा धरा आणि समास कापून टाकणारं वाचन ॲप वापरा, अक्षर बरंच मोठं होतं. विकत घेताना ईपब (पडद्याप्रमाणे मजकूर मांडणारी फाइल) मिळत असेल तर तोच घ्या.

काही अंकांच्या पीडीएफमध्ये शब्द शोधला तर सापडत नाही, कॉपी केला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. फाइल खराब नसते. अंक युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला असतो, त्यात 'क'च्या जागी संगणकाला दुसरंच अक्षर ठाऊक असतं. डोळ्यांनी वाचायला अडचण नाही, पण दृष्टिहीन वाचकांच्या उच्चारक सॉफ्टवेअरला तो अंक बंद आहे. संपादकांना हे जरूर कळवा.

बघण्याचा डेटा: नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या आकड्यांनुसार कमी दर्जाला तासाला ०.३ जीबी, मध्यमला ०.७, एचडीला ३. रोज दीड जीबी मिळत असेल तर मध्यम दर्जाचे दोन तास, एचडीचा अर्धा. फोनच्या पडद्यावर मध्यम आणि एचडीत फार फरक कळत नाही. घरात मुलाचा वर्ग त्याच डेटावर असेल तर ॲपमध्ये दर्जा 'ऑटो'वर ठेवू नका. सिग्नल चांगला मिळाला की ऑटो गुपचूप वर चढतो आणि दुपारपर्यंत कोटा संपतो. रात्री वायफायवर डाउनलोड करून ठेवणं सगळ्यात सोयीचं.


झरोका | ६ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

कालपासून चित्रपटगृहं आणि नाट्यगृहं ५० टक्के क्षमतेने उघडायला परवानगी आहे, आत खाद्यपदार्थ न्यायचे नाहीत ही अट आहे. ही अट फार योग्य आहे, खायला लागलं की मास्क उतरतो. पण जायचं ठरवण्याआधी विचारायचं ते खुर्च्यांबद्दल कमी आणि हवेबद्दल जास्त: बाहेरची ताजी हवा आत घेतली जाते का, दोन खेळांमध्ये दारं उघडून किती वेळ रिकामं ठेवतात. उत्तर देता येत नसेल तर थांबा. रंगमंचाची भूक सगळ्यांनाच आहे, कलाकार आणि पडद्यामागच्या कामगारांना तर पोटाची. ऑनलाइन प्रयोगांची तिकिटं काढून बघणं हा तोवरचा मार्ग.

घरातलंही हेच. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवून गार करतो. पाहुणे आले म्हणून खिडक्या लावून एसी सुरू करणं ही या दिवाळीतली सगळ्यात मोठी चूक ठरेल. छताचा पंखाही हवा फक्त घुसळतो. हवा बदलायला समोरासमोर दोन वाटा लागतात. एका खिडकीत टेबल फॅन बाहेर तोंड करून, चौकटीपासून हातभर आत ठेवा, दुसरी खिडकी किंवा गॅलरीचं दार उघडं. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट असेल तर तो लावा आणि मधली दारं उघडी ठेवा, पूर्ण घराची हवा त्या बाजूला ओढली जाते. हवा जाते का ते उदबत्तीने बघा. धूर खिडकीकडे सरळ ओढला गेला तर ठीक, खोलीत तरंगत राहिला तर दुसरी वाट बंद आहे. संध्याकाळी डास येतात म्हणून खिडक्या लागतात, त्याला जाळी हाच उपाय.


मीठमोहरी | ११ नोव्हेंबर, दुपारी २.२०

उद्या वसुबारस. पणत्या लावायच्या आधी हे घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

सॅनिटायझर लावलेल्या हाताने काडी ओढायची नाही. त्यात ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, आणि त्याची ज्योत इतकी फिकट असते की उजेडात दिसतही नाही. हात जळायला लागल्यावर कळतं. पूजेच्या, रांगोळीच्या, फटाक्यांच्या जागी बाटली ठेवूच नका, साबण आणि पाणी ठेवा. लहान मुलांच्या हाताला कुणी सॅनिटायझर दिला असेल तर हात पूर्ण कोरडे होईपर्यंत फुलबाजी द्यायची नाही. फुलबाजी धरताना नायलॉनचा किंवा चकचकीत कापडाचा मास्कही नको, साधा सुती तीन पदरी असू द्या.

फराळाची ताटं देताना पदार्थाची भीती बाळगू नका, तळलेल्या चकलीतून हा आजार येत नाही. डबा दाराशी ठेवून फोन करा. चिवडा आणि लाडू एका डब्यात भरू नका, लाडवातली ओल चिवडा ओढून घेतो आणि संध्याकाळपर्यंत पोहे मऊ पडतात.


झरोका | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.००

मीठमोहरी ताईंच्या लिहिण्याला जोडून. यंदा नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, शनिवारी १४ तारखेला. त्या रात्री धूर आला तर खिडक्या लावाव्याच लागतील, विशेषतः घरात दमेकरी किंवा आजारातून उठलेलं माणूस असेल तर. म्हणून त्या रात्री घरात फक्त घरचीच माणसं असावीत. संध्याकाळी सहाच्या आधी अर्धा तास सगळ्या खिडक्या उघडून हवा बदला, धुराच्या वेळात लावा, मध्यरात्रीनंतर धूर बसला की पुन्हा उघडा. भेटीगाठी रविवारी सकाळी गच्चीवर करा, यंदा १५ तारीख मोकळीच आहे. पाडवा आणि भाऊबीज दोन्ही सोमवारी १६ ला.


टेम्सकाठ | १३ नोव्हेंबर, रात्री १.१५

इंग्लंडमध्ये ५ तारखेपासून पुन्हा टाळेबंदी आहे, २ डिसेंबरपर्यंत. दुसऱ्या घरात जाता येत नाही, बाहेर एका वेळी एकाच माणसाला भेटता येतं. इथल्या मराठी घरांसाठी रविवारी १५ तारखेला भारतीय वेळेने रात्री साडेआठला अभिवाचन ठेवता येईल का? तेव्हा इथे दुपारचे तीन असतील.


वाचिक | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.००

ठेवू. दोन भाग करू, ३० मिनिटं, १० मिनिटं विश्रांती, पुन्हा ३०. मर्यादेमुळे दुसऱ्या भागाचा दुवा वेगळा असेल, दोन्ही दुवे एकाच निरोपात पाठवा. विश्रांतीत दुवा शोधता न आल्याने आजी-आजोबा बाहेर राहतात. ज्यांना दुवा उघडता येत नाही त्यांना घरातल्या कुणीतरी साध्या फोनवर जोडून द्यावं, फोन स्पीकरवर, संगणकापासून हातभर दूर. जवळ ठेवला तर आवाज घुमतो.


दुर्बीणवाला | १७ नोव्हेंबर, रात्री ९.४०

काल पाडव्याला मंदिरं उघडली, अंकांची पहिली फेरी सुरू झाली असेल. गच्ची मात्र सोडू नका. गुरू आणि शनी रोज जवळ येतायत. नोव्हेंबरअखेर त्यांच्यातलं अंतर दोन अंशांच्या जवळपास, म्हणजे एका बोटाच्या जाडीहून थोडं जास्त. २१ डिसेंबरला ते अंशाच्या दहाव्या भागावर येईल, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाचवा हिस्सा. मात्र तोवर दोघं पश्चिम क्षितिजाकडे कललेले असतील आणि आठच्या आसपास मावळतील, म्हणून पावणेसात ते साडेसात हीच वेळ. आत्ताच एकदा संध्याकाळी गच्चीवर जाऊन बघा, नैर्ऋत्येला समोरची इमारत किंवा पाण्याची टाकी आड येते का. येत असेल तर दुसरी मोकळी जागा शोधायला महिनाभर आहे.